सुखोईच्या मागच्या खुर्चीतला अधिकारी आणि त्याला घडवणारं दोन इंजिनांचं छोटं जेट

पुण्यात लोहगावच्या आसपास राहणाऱ्यांना सुखोई-३० चा आवाज नवा नाही. २००६ मध्ये डॉ. अब्दुल कलाम आणि २००९ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदावर असताना याच तळावरून सुखोईतून उडाले, तेव्हा हेल्मेट घातलेले त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. दोघंही मागच्या खुर्चीत बसले होते. राष्ट्रपती नसतात तेव्हा त्या खुर्चीत कोण बसतं, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात ही विमानं बांधली गेली, पुण्यात ती रोज उडतात, आणि तरी त्यातल्या दुसऱ्या माणसाबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच माहिती नसते.

हा माणूस बातम्यांत आला तो ऑक्टोबर २०२२ मध्ये. हवाईदलाने 'वेपन सिस्टिम' नावाची अधिकाऱ्यांची नवी शाखा जाहीर केली. स्वातंत्र्यानंतर लढाऊ कामासाठी नवी शाखा निघण्याची ही पहिलीच वेळ. क्षेपणास्त्रं हाताळणारे, मानवरहित विमानं उडवणारे आणि दोन किंवा जास्त माणसांच्या विमानांत शस्त्रयंत्रणा सांभाळणारे अधिकारी या शाखेत येतात. उड्डाण प्रशिक्षणाचा ३४०० कोटी रुपयांहून जास्त खर्च यामुळे वाचेल, असं तेव्हाचे हवाईदलप्रमुख विवेक राम चौधरी यांनी सांगितलं. २०२४ मध्ये हैदराबादच्या बेगमपेट तळावर या शाखेची शाळाही सुरू झाली.

बातमी वाचून अनेकांच्या मनात एकच शंका आली असेल. विमान चालवायचं नसेल, तर या लोकांना नेमकं शिकवतात काय? आणि कशात बसवून? या प्रश्नाला दीर्घ काळ भिडलेली एक संस्था म्हणजे अमेरिकेचं नौदल. तिथल्या एका जुन्या, बुटक्या, दोन इंजिनांच्या जेट विमानाची हकीकत समजली की बाकीचं बरंच आपोआप उलगडतं.

विमानात बसून विमान न चालवणारा अधिकारी

अमेरिकी नौदलात या अधिकाऱ्याला 'नेव्हल फ्लाइट ऑफिसर' म्हणतात. या लेखात मी त्याला सरळ 'फ्लाइट ऑफिसर' म्हणेन. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याचं नाव 'ऑब्झर्व्हर' होतं, आणि भारतीय नौदलात आजही तेच आहे. त्याच्या छातीवर वैमानिकासारखेच सोनेरी पंख असतात. फरक इतकाच की वैमानिकाच्या पंखांमध्ये एक नांगर असतो, याच्या पंखांमध्ये एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन.

काम विमानागणिक बदलतं. एफ-४ फँटम आणि एफ-१४ टॉमकॅटच्या मागच्या खुर्चीत बसून तो रडार चालवायचा आणि शत्रूचं विमान गाठून द्यायचा. ए-६ इंट्रूडरमध्ये तो वैमानिकाच्या शेजारी बसून काळोख्या रात्री, डोंगरांच्या मधून, फक्त रडारच्या चित्रावरून वाट दाखवायचा आणि बॉम्ब टाकायचा. शत्रूची रडारं निकामी करणाऱ्या ईए-६बी प्राउलरमध्ये वैमानिक एक आणि फ्लाइट ऑफिसर तीन असत. डोक्यावर थाळीसारखं रडार घेऊन फिरणाऱ्या ई-२ हॉकआयमध्ये पुढे दोन वैमानिक आणि मागे तीन फ्लाइट ऑफिसर बसतात. कितीतरी कोस दूरच्या लढाऊ विमानांना कुठे जायचं ते हे मागचे तिघं सांगतात.

म्हणजे हा सहवैमानिक नव्हे. वैमानिकाला चक्कर आली तर विमान उतरवायला ठेवलेला राखीव गडी तर नाहीच. पुढचा माणूस विमान सांभाळतो आणि हा लढाई सांभाळतो. सुखोईच्या मागच्या खुर्चीत कधी दुसरा वैमानिक बसतो, कधी वेपन सिस्टिम ऑपरेटर. या ऑपरेटरचं काम याच घराण्यातलं.

शिकायचं असतं ते काय?

रडार म्हणजे काय हे थोडक्यात पाहू. विमानाच्या नाकातून रेडिओ लहरींचा झोत बाहेर पडतो, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. लहर प्रकाशाच्या वेगाने जाते, त्यामुळे ६० किलोमीटरवरच्या विमानावरून परत यायला तिला सेकंदाचा अडीच हजारावा भाग पुरतो. हे गणित यंत्र करतं. पडद्यावर एक ठिपका उमटतो. विद्यार्थ्याचं काम इथून पुढे सुरू होतं.

समजा, दोन विमानं एकमेकांकडे तोंड करून ताशी ८०० किलोमीटरने येत आहेत. दोघांतलं अंतर ताशी १६०० किलोमीटरने कमी होतंय, म्हणजे मिनिटाला जवळपास २७ किलोमीटरने. ठिपका ७४ किलोमीटरवर दिसला, तर समोरासमोर यायला पावणेतीन मिनिटं उरली. एवढ्या वेळात तो किती उंचीवर आहे, कुठे चाललाय, वळतोय का, आपला आहे की परका, आपण कोणत्या बाजूने जायचं, हे ठरवून वैमानिकाला नेमक्या शब्दांत सांगायचं असतं.

यातला मूळ विचार क्रिकेट पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. डीप मिडविकेटचा क्षेत्ररक्षक सीमारेषेकडे निघालेल्या चेंडूच्या मागे धावत नाही. चेंडू ज्या जागी पोहोचणार, त्या जागेकडे तो तिरका धावतो. धावताना चेंडू त्याच्या नजरेत एकाच कोनात राहिला, तर तो बरोबर गाठणार. चेंडू नजरेत पुढे सरकायला लागला तर याला उशीर झाला, मागे पडायला लागला तर हा आधी पोहोचणार. फ्लाइट ऑफिसर रडारच्या पडद्यावर हेच पाहत असतो. ठिपक्याचा कोन बदलत नाही आणि अंतर कमी होतंय, याचा अर्थ दोन्ही विमानं एकाच बिंदूकडे चालली आहेत.

आता खरी अडचण. त्याला त्या बिंदूवर पोहोचायचंच नसतं, तिथे टक्कर होईल. त्याला समोरच्याच्या मागे जाऊन बसायचं असतं, आणि त्यासाठी वळायला जागा लागते. ताशी ८०० किलोमीटरच्या वेगात विमान ६० अंश कलवून, अंगावर वजनाच्या दुप्पट भार घेत वळवलं, तरी त्या वळणाची त्रिज्या जवळपास तीन किलोमीटर होते. म्हणजे समोरून येणाऱ्याच्या मागे उलटून बसायचं असेल, तर दोघांच्या वाटांमध्ये सहा किलोमीटरच्या आसपास आडवी जागा आधीच तयार करून ठेवावी लागते. जागा कमी ठेवली तर वळून होईपर्यंत तो पुढे निघून गेलेला असतो आणि आपण बाजूला फेकले जातो. जास्त ठेवली तर आपण फार मागे राहतो. आणि हा निर्णय घ्यायचा तेव्हा समोरचं विमान डोळ्यांना दिसतही नसतं.

ठिपका गायब होतो तेव्हा

मला या प्रशिक्षणातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर वाटणारा भाग हा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

खाली पाहणाऱ्या रडारला जमिनीचाही प्रतिध्वनी येतो, आणि तो विमानाच्या प्रतिध्वनीपेक्षा कितीतरी मोठा असतो. त्या गोंगाटातून विमान वेगळं काढायला आधुनिक रडार फक्त अंतर मोजत नाही, समोरची वस्तू किती वेगाने जवळ येतेय तेही मोजतं. जवळ येणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लहरी किंचित दाटीने येतात, त्यावरून हा वेग कळतो. आपण उडतोय म्हणून समोरची जमीनही आपल्या दिशेने 'येत' असते, आपल्याच वेगाने. म्हणून रडार असं करतं: जे जमिनीच्या वेगाने जवळ येतंय ते सगळं टाकून द्यायचं, उरेल ते दाखवायचं.

युक्ती उत्तम आहे, पण तिला एक फट आहे. समोरच्या विमानाने आपल्या वाटेला काटकोनात वळण घेतलं, तर तो स्वतः आपल्याकडे येतही नाही आणि दूरही जात नाही. अंतर कमी होतं ते फक्त आपल्या वेगाने, म्हणजे जमिनीइतकंच. रडारच्या दृष्टीने तो जमीन झाला, आणि रडार त्याला टाकून देतं. अनुभवी शत्रू हे मुद्दाम करतो.

नवखा विद्यार्थी रिकाम्या पडद्याकडे बघत बसतो, बटणं दाबतो, झोत वर-खाली करतो. तयार झालेला फ्लाइट ऑफिसर म्हणतो: तो नाहीसा झालेला नाही, तो आडवा वळलाय. शेवटचा दिसला तेव्हा डावीकडे सरकत होता, म्हणजे डावीकडेच गेला असणार. आपण असं वळलो की त्याचा कोन बिघडेल आणि काही सेकंदांत तो पुन्हा दिसेल. यंत्र जे दाखवत नाही ते मनात चालू ठेवायचं. आकाशाचा हा चालता नकाशा डोक्यात सतत अद्ययावत ठेवण्याला लष्करी भाषेत 'परिस्थितीचं भान' म्हणतात. सगळं प्रशिक्षण त्याच्यासाठी असतं. बटणं तर आठवड्याभरात पाठ होतात.

मग यासाठी उद्योगपतींचं जेट?

१९५० च्या दशकात अमेरिकी हवाईदलाला माणसांची ने-आण आणि प्रशिक्षण अशा दोन्ही कामांना चालेल असं छोटं जेट हवं होतं. नॉर्थ अमेरिकन कंपनीने त्यासाठी सेबरलायनर बांधलं. पहिलं उड्डाण झालं १६ सप्टेंबर १९५८ रोजी. कोरियन युद्धात गाजलेलं एफ-८६ सेबर हे लढाऊ विमान याच कंपनीचं. त्याच्या मागे झुकलेल्या पंखांचा वारसा या छोट्या जेटकडे आला, आणि नावही. पुढे हेच विमान कंपन्यांचे संचालक मीटिंगांना जायला वापरू लागले, म्हणजे बिझनेस जेटच्या पहिल्या पिढीतलं ते एक. लष्करात त्याचं नाव टी-३९.

नौदलाने त्याच्या नाकात लढाऊ विमानाचं रडार बसवलं आणि केबिनमध्ये रडारचे पडदे लावले. झाला वर्ग तयार. लढाऊ विमानात दोनच खुर्च्या, त्याही एकामागे एक. शिक्षक पुढे बसला तर त्याला विद्यार्थ्याचा चेहरा दिसत नाही, त्याचे हात दिसत नाहीत, तो कुठे अडखळला ते कळत नाही. टी-३९ मध्ये डावीकडे वैमानिक, उजवीकडे पडद्यासमोर विद्यार्थी, आणि त्याच्या खांद्यावरून पाहणारा शिक्षक. मागे आणखी विद्यार्थी, स्वतःची पाळी येईपर्यंत मित्राच्या चुका ऐकत बसलेले. एका उड्डाणात दोघा-तिघांचं शिक्षण होतं. दुसऱ्याची चूक कानावर पडणं हाही धडाच असतो, आणि लढाऊ विमानात तो मिळत नाही.

दोन इंजिनं का, याचं उत्तर भूगोलात आहे. हे प्रशिक्षण फ्लोरिडातल्या पेन्साकोला नौदल तळावर होतं, आणि सरावाचं आकाश बहुतांशी मेक्सिकोच्या आखातावर. खाली किलोमीटरच्या किलोमीटर नुसतं पाणी. एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर घरी येता आलं पाहिजे, विशेषतः आत चार-पाच माणसं असताना आणि कुणाकडेही विमानाबाहेर फेकणारी खुर्ची नसताना. जेट का, याचंही उत्तर सोपं आहे. पंख्याच्या संथ विमानात वर पाहिलेली पावणेतीन मिनिटं दुप्पट लांबतात आणि विद्यार्थ्याला विचार करायला फुकटचा वेळ मिळतो. पुढे लढाऊ विमानात तो वेळ मिळणार नसतो.

रडार सोडून दुसरा मोठा धडा असायचा जमिनीच्या जवळून उडत वाट काढण्याचा. तिथे वेग मुद्दाम असा ठेवतात की तोंडी हिशोब जमावा: ३०० नॉट म्हणजे मिनिटाला ५ सागरी मैल, ३६० नॉट म्हणजे मिनिटाला ६. घड्याळ, नकाशा आणि खिडकीबाहेरची नदी यांचा मेळ बसवत जायचं. एका वळणाला दहा सेकंद उशीर झाला की ३६० नॉटच्या वेगात आपण एक सागरी मैल, म्हणजे जवळपास १.८५ किलोमीटर पुढे निघून गेलेलो असतो.

मधला सेसना आणि जुन्याचं पुनरागमन

१९८० च्या दशकात टी-३९ म्हातारी झाली, तेव्हा नौदलाने सेसना कंपनीकडून टी-४७ घेतली. सायटेशन या लोकप्रिय बिझनेस जेटचे पंख आखूड केले, इंजिनं जास्त ताकदीची बसवली आणि नाकात रडार टाकलं. अशी १५ विमानं बनली. कंत्राट संपल्यावर १९९१ च्या सुमारास पुन्हा सेबरलायनरच आली. टी-३९एन या नव्या रूपात तिच्या नाकात एफ-१६ च्या एपीजी-६६ रडारची आवृत्ती होती. टी-४७ पैकी अनेक विमानं १९९३ मध्ये कॅन्ससमधल्या टोपेका इथे हँगरला लागलेल्या आगीत नष्ट झाली.

या काळातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. विमानाची देखभाल आणि ते चालवणं हे दोन्ही कंत्राटदार कंपनीकडे होतं. डावीकडच्या खुर्चीत बसलेला वैमानिक बहुधा लष्करातून निवृत्त झालेला, हजारो तास उडालेला नागरिक असायचा. विद्यार्थी सांगेल तिकडे सुरक्षेच्या मर्यादेत विमान न्यायचं, हे त्याचं काम. शिकवणं मात्र नौदलाने स्वतःकडे ठेवलं. काय बाहेर द्यायचं आणि काय नाही, याची ही रेघ विचार करून मारलेली होती.

'खरं विमान कशाला? सिम्युलेटर आहे की'

हा आक्षेप रास्त आहे, कारण वर सांगितलेलं सगळं पडद्यावर घडतं. पडदाच बघायचा तर जमिनीवर बसून बघितला म्हणून काय बिघडलं?

पहिलं उत्तर शरीराचं. वळणात वजन दुप्पट झालं की पेन धरलेला हात जड होतो, मान खाली ओढली जाते, कानातला तोल चुकीची साक्ष देतो, पोटात ढवळतं. अशा अवस्थेत बेरीज-वजाबाकीसुद्धा मंदावते. जमिनीवर पाचही वेळा बरोबर आलेलं गणित हवेत पहिल्याच वळणाला चुकतं, आणि ते तिथे चुकून, मग तिथेच सुधारलं पाहिजे.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे. खऱ्या आकाशात चुकीची किंमत खरी असते आणि ते विद्यार्थ्याला ठाऊक असतं. मे २००२ मध्ये सराव करत असलेली दोन टी-३९ विमानं मेक्सिकोच्या आखातावर एकमेकांवर आदळली आणि सात जण गेले. जानेवारी २००६ मध्ये जॉर्जियाच्या डोंगराळ भागात एक टी-३९ जमिनीच्या जवळून उडण्याच्या सरावात कोसळली, चौघं गेले. हे प्रशिक्षण किती महाग पडू शकतं ते या दोन घटनांतून कळतं. त्यामुळे सिम्युलेटरची बाजू मांडणाऱ्यांना मी खोडून काढणार नाही. जे जमिनीवर शिकवता येतं ते जमिनीवरच शिकवायला हवं, हवेत न्यायचं ते फक्त बाकीचं. आज सगळीकडे हाच रिवाज आहे. विद्यार्थी आधी कितीतरी धडे सिम्युलेटरवर गिरवतो, मग उडतो.

आणि मग विमानातून रडारच काढून टाकलं

२०१० च्या दशकात पेन्साकोलातून सेबरलायनर निवृत्त झाली. तिची जागा घेतली टी-४५सी गोशॉकने. हे एका इंजिनाचं, एकामागे एक खुर्च्यांचं विमान ब्रिटिश हॉकवरून बनलेलं आहे. हॉक आपल्याकडेही आहे. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या बीदरच्या तळावर आपले लढाऊ वैमानिक त्याच्यावर शिकतात.

गोशॉकच्या नाकात रडार नाही. विद्यार्थ्यासमोर रडारचं जे चित्र उमटतं ते संगणकाने रचलेलं असतं. विमान खरं, वळणं खरी, मानेवरचा भार खरा, पण पडद्यावरचा शत्रू काही वेळा अस्तित्वातच नसतो. शिवाय हवेतली दोन विमानं आणि जमिनीवर सिम्युलेटरमध्ये बसलेला तिसरा माणूस एकाच कल्पित लढाईत उतरू शकतात.

यात फायदे बरेच आहेत. शत्रूची भूमिका करायला दुसरं विमान दर वेळी उडवावं लागत नाही, टक्कर होण्याचा धोका कमी होतो, हवा तसा अवघड प्रसंग हवा तेव्हा उभा करता येतो. अमेरिकी हवाईदलही पेन्साकोलातच आपले असे अधिकारी घडवतं. तिथे टी-१ जेहॉक या दोन इंजिनांच्या बिझनेस जेटमध्ये त्यांनी अशीच कृत्रिम चित्रं दाखवणारी खुर्ची बसवली.

तरी एक गोष्ट मला खटकते. खरं रडार खोटं बोलतं. महामार्गावरचा भरधाव ट्रक त्याला विमान वाटू शकतो, पावसाचा ढग त्याला गोंधळात टाकतो, कधी कारण न कळता ठिपका थरथरतो. संगणकाने रचलेलं चित्र त्याच्या रचनाकाराला सुचेल तेवढंच खोटं बोलतं. खऱ्या यंत्रावर अविश्वास कधी दाखवायचा, हे सेबरलायनरच्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं. गोशॉकच्या विद्यार्थ्याला ते पुढच्या टप्प्यात, लढाऊ विमानात बसल्यावर शिकावं लागतं, आणि तिथला प्रत्येक तास कितीतरी महाग असतो.

वैमानिक नाही, म्हणजे दुय्यम?

आपल्याकडे हा समज खोलवर रुजलेला आहे. घरातला मुलगा हवाईदलात गेला की 'पायलट का?' हाच पहिला प्रश्न, आणि उत्तर 'नाही' आलं की आवाज उतरतो.

व्हिएतनाम युद्धात सर्वाधिक शत्रूविमानं पाडण्याचं श्रेय मिळालेला अमेरिकन हवाई योद्धा वैमानिक नव्हता. चार्ल्स डेबेलव्यू फँटमच्या मागच्या खुर्चीत बसायचे, आणि १९७२ मध्ये त्यांच्या नावावर सहा मिग लागली. त्यांच्यासोबत उडालेले वैमानिक स्टीव्ह रिची यांच्या नावावर पाच. नौदलात १० मे १९७२ रोजी रँडी कनिंगहॅम आणि त्यांच्या मागे रडारवर बसलेले विल्यम ड्रिस्कॉल यांनी पाचवं विमान पाडलं, तेव्हा श्रेय दोघांनाही सारखंच मिळालं. अमेरिकी कायद्यानुसार विमानवाहू नौकेचं कप्तानपद नौदल वैमानिकाला किंवा फ्लाइट ऑफिसरला मिळू शकतं, दोघांत भेद नाही.

भारतीय नौदलातही ऑब्झर्व्हर हा वैमानिकाच्या बरोबरीचा अधिकारी आहे. २०२० मध्ये कुमुदिनी त्यागी आणि रीती सिंह या दोघी युद्धनौकेवरच्या हेलिकॉप्टरांसाठी निवडल्या गेलेल्या पहिल्या महिला अधिकारी ठरल्या, त्या ऑब्झर्व्हर म्हणूनच. गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर २०२२ पासून पी-८आय विमानांचं दुसरं पथक आहे. समुद्राखालच्या पाणबुडीचा माग काढणारं हे विमान पुढे दोन वैमानिक चालवतात, पण पाणबुडी सापडते ती मागे पडद्यांसमोर बसलेल्यांना.

एका खुर्चीच्या विमानांचं काय?

शेवटचा आक्षेप सगळ्यात जोरदार. अमेरिकेच्या एफ-३५ या लढाऊ विमानात एकच खुर्ची आहे. जी कामं पूर्वी फ्लाइट ऑफिसर करायचा ती आता संगणक करतो, ठिपक्याचा वेग, उंची, ओळख सगळं वैमानिकाच्या हेल्मेटमध्ये उमटतं. प्राउलरमध्ये चार माणसं होती, तिची जागा घेणाऱ्या ग्राउलरमध्ये दोनच आहेत. हा कल खरा आहे, आणि ठिपका शोधून देण्यापुरतं काम असेल तर मागच्या माणसाची गरज संपत आली आहे हे मान्य करायला हवं.

पण त्याच वेळी चीनने जे-२० या आपल्या स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणाऱ्या, लढाऊ विमानाची दोन खुर्च्यांची आवृत्ती काढली आहे. पुढच्या काळात एका लढाऊ विमानासोबत अनेक मानवरहित विमानं उडतील. त्यांना कामं वाटून द्यायची, कुणाला पुढे पाठवायचं, कुणाला परत बोलवायचं हे ठरवायचं, आणि तेही स्वतः क्षेपणास्त्र चुकवत असताना, हे एका माणसाच्या डोक्याला झेपेल का, यावर जगभर विचार चालू आहे. हॉकआयच्या मागे बसलेले तिघं दुसऱ्यांच्या विमानांना दिशा देण्याचं काम कित्येक दशकं करत आले आहेत. तेच काम आता लढाऊ विमानाच्या मागच्या खुर्चीकडे सरकतंय.

आपल्या नौदलाचे ऑब्झर्व्हर कोचीला डॉर्नियर विमानांवर शिकतात. डॉर्नियर हे पंख्याचं, धिम्या वेगाचं, भरवशाचं विमान आहे. समुद्रावर टेहळणी करणाऱ्यासाठी ते उत्तम आहे. पण सुखोईच्या मागे बसणाऱ्याला पावणेतीन मिनिटांची सवय अशा विमानात लागत नाही. बेगमपेटच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांची पहिली खरी वळणं थेट सुखोईत झाली, तर प्रत्येक चूक जगातल्या महागड्या वर्गांपैकी एकात होईल, आणि समोरच्या खुर्चीत पाठ करून बसलेल्या शिक्षकाला ती दिसणारही नाही. माझ्या मते, नाकात खरं रडार असलेली थोडी छोटी जेट विमानं या शाळेसाठी घेणं हा वायफळ खर्च नाही. विमान आणि देखभाल कंत्राटावर, शिक्षक हवाईदलाचे, ही पेन्साकोलाची विभागणी इथेही चालेल. मात्र त्यात विद्यार्थ्याच्या मागे राहून त्याच्या हातांकडे पाहणाऱ्या शिक्षकासाठी जागा असलीच पाहिजे.